गंजिफ्रॉकचं माप

मालवणच्या बाजारात शिवणाचं मशीन चालवणारी एक बाई मला शाळेच्या वाटेवर अडवायची. "जरा उभो रव रे," म्हणत कच्चा टाचलेला गंजिफ्रॉक माझ्या अंगात चढवायची. होजिअरीचं कापड भलतंच ताणायचं, म्हणून तोंडात टाचण्या धरून काखेतला झोल चिमटीत पकडायची.

माझ्याच वयाचा, माझ्याच अंगलटीचा तिचा मुलगा बापाबरोबर गलबतावर गेला होता. गलबत बुडालं. ती मात्र म्हणायची, पोर कुठल्यातरी बंदराला लागलंय. दर वर्षी त्याच्यासाठी वाढत्या मापाचा गंजिफ्रॉक शिवून ठेवायची.

एका वर्षी विषमज्वराने मी पार खंगलो. तिने दोन्हीकडची शिवण आत घेतली आणि तिचे हात थांबले.

"थंय तेका पोटभर जेवूक गावना नाय रे."

घरी जाऊन मी पुन्हा पेज मागून घेतली.