मार्तंड सरांची मातीची खोली

मार्तंड सर आम्हाला घरं बांधायला शिकवत आणि परीक्षा झोपेची घेत. मे महिन्यातल्या नागपुरात, भर दुपारी, पंख्याशिवाय आडवं व्हायचं. डोळा लागला तर घर पास. नाही लागला तर नकाशावर कितीही सुरेख झाडं काढलेली असोत, नापास. "वीज जाळून कोणीही गारवा करते गा," सर म्हणत, "भिंतीकडून काम करून घ्या."

पंचाहत्तर साली त्यांनी आमच्याकडून कॉलेजच्या मागे एक खोली बांधून घेतली. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आणि छपराखाली गरम हवा बाहेर जायला झरोके. आमचे प्राचार्य दत्तोपंत यांना ती बघवत नसे. आर्किटेक्चरच्या कॉलेजात मातीची खोली म्हणजे त्यांना आपलं नाक कापल्यासारखं वाटे. ती पाडून त्यांना सायकल स्टँड करायचा होता. सर वरवर हसत, पण त्यांचा जीव त्या खोलीत होता. ती गेली तर त्यांच्या शिकवण्यातलं दाखवायला काही उरणार नव्हतं.

पाडण्याआधी दत्तोपंतांसह कॉलेजच्या कमिटीने पाहणी करायचं ठरलं. सरांनी जेवणानंतरची वेळ मागून घेतली आणि जेवणही आपल्याच घरचं दिलं. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी पुरणपोळ्यांवर तुपाची धार धरली ती सोडलीच नाही. ही सरळसरळ लबाडी होती. मग कमिटी खोलीतल्या सतरंजीवर टेकली. आधी दत्तोपंतांची मान पडली, आणि चहा येईपर्यंत अख्खी कमिटी घोरत होती.

खोली वाचली. पण दुसऱ्याच दिवशी दत्तोपंतांनी तिथे आपलं ऑफिस थाटलं. मला दत्तोपंतांचा भयंकर राग आला.

आता साहेबाची खोली म्हणजे थाट हवाच. फायलींवर धूळ येते म्हणून दत्तोपंतांनी झरोके बुजवले, खिडकीत कुलर बसवला आणि दार लावून घेतलं. दमट हवेला बाहेर जायला वाटच उरली नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी घामाने भिजलेल्या सदऱ्यात सरांना बोलावलं.

"मार्तंडराव, हे काय होऊन राहिलं? त्या दिवशी तर मस्त गार होती."

आम्ही दाराशी कान देऊन उभे. झरोके उघडा, कुलर काढा, एवढं सांगितलं की सरांची विद्या सिद्ध होणार होती. आणि पानवाल्यालाही सावलीवर व्याख्यान देणारा हा माणूस, गप्प बसणार कसा? सरांनी भिंतीवरून हात फिरवला. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"मातीच ती साहेब. तिचा काय भरोसा."

संध्याकाळपर्यंत दत्तोपंत आपल्या जुन्या ऑफिसात परत गेले. सरांनी शिडी लावून स्वतः झरोके मोकळे केले. खाली उतरले, आजूबाजूला कोणी नाही असं समजून (मी कोपऱ्याआड होतो) भिंतीला हात लावला आणि हळूच म्हणाले, "मनावर नको घेऊ वं."