नदीच्या अलीकडचं मत

अमेरिकेत मुलीकडे राहायला गेले, तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. शेजारच्या मार्थाबाई ऐंशीच्या. गावातलं हॉस्पिटल बंद पडलं आणि दूरच्या हॉस्पिटलात नेताना त्यांचे यजमान वाटेतच गेले. त्याबद्दल उमेदवाराला विचारायचा प्रश्न त्यांनी कागदावर लिहून ठेवला होता. पण आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही. तिथे बहुतेक राज्यांत जो पुढे असतो, त्यालाच राज्याचा सगळा कौल मिळतो, आणि आमच्या राज्याचा कौल ठरल्यासारखाच होता. नदीपलीकडचं राज्य डळमळीत, म्हणून तिथे रोज सभा.

एका सकाळी आम्ही दोघी पूल ओलांडून सभेला गेलो. दारातल्या मुलीने पत्ता विचारला.

"तुम्ही पलीकडच्या ना? प्रश्न फक्त इथल्या मतदारांनी विचारायचे आहेत," ती गोड हसून म्हणाली.

मार्थाबाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. परतताना मी पाण्याकडे बघत राहिले. माणूस गेल्याचं दुःख दोन्ही काठांवर सारखंच असणार. ऐकून घेण्याजोगं मात्र एकाच काठावरचं.

"मत द्यायला जाणार का?" मी विचारलं.

"दर वेळी जाते. एकाच पक्षाला देते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कुणी येत नाही."