पाळीवरचा पहिला पसा

एका सकाळी सव्वानऊला हे सगळं सुरू झालं. अंगणवाडीच्या काट्याला माझी गुड्डी लटकली आणि ताई म्हणाल्या, "वजन कमी, पिवळ्या पट्ट्यात आहे. हिला मासोळी चारा." मी सातवी शिकलेली, पण पिवळा रंग मला चांगलाच वाचता येतो! त्या दिवसापासून मासोळीसाठी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायला लागले. तिथल्या बायकांचे किस्से इतके साचले आहेत की गुड्डीला थोपटताना एकटीच हसते. सासूबाई विचारतात, "काय झालं वो?"

*

पहिला माझाच. जिथं काटा दिसेल तिथं पोरीला बसवायची, अशी माझी काळजी. एकदा किराणा दुकानात हळूच पारड्यात ठेवली. शेठ ओरडला, "भाभी, इसमें गुड़ तौलते हैं!"

मी म्हटलं, "सांगा ना जी, किती भरली?"

त्यानं चष्मा पुसला, काटा पाहिला. मग गुळाचा एक खडा तिच्या हातात दिला. "अब देखो, बढ़ गया!"

*

पाळीवर राज्य मासे धरणाऱ्या झुलनमावशीचं. जाळीत आलेल्या बारीक मासोळ्यांचा पहिला पसा ती विकत नाही, घरीही नेत नाही. पाळीवर जी लेकरवाली असेल तिच्या पदरात टाकते. तिची सासूही असंच करायची म्हणे. पहिल्या दिवशी मी लाजून लांब उभी राहिले.

"काऊन वो, मासोळी चालत येईल का तुह्याकडं?"

*

मग आम्हा बायकांचं ट्रेनिंग घ्यायला एक मॅडम आली. शहरातली, पण आमच्यासोबत खाली बसणारी. म्हणाली, "गावाचा नकाशा काढू. जिथून तुमचं घर चालतं, तिथं दाणे ठेवा." आम्ही पिठानं गाव काढलं. कुणी शेतात दोन दाणे टाकले, कुणी मोहाच्या झाडाखाली, आणि तलावात तर ढीगच झाला. मॅडम खूश होऊन कॅमेरा शोधायला पिशवीत वाकली.

झुलनमावशी ओरडली, "मॅडमबाई, लवकर! कोंबडी गावाचं उत्पन्न खाऊन राहिली!"

*

तलावात बेशरमची झुडपं माजली होती. ती उपटायला आम्ही बायका पाण्यात उतरलो. लेकरं सगळी मोहाखाली सासूबाईंजवळ. त्यांना डोळ्यानं कमी दिसतं. संध्याकाळी घरी आले तर त्या आनंदानं फुलल्या होत्या. भात चारून लेकरू मांडीवर झोपवलेलं. "पाह्य, पोरगी कशी भरून आली! जड लागून राहिली."

मीही धावले. पांघरूण काढून पाहते तर शेजारणीचा बंटी!

*

तलाव साफ झाला आणि तो ठेक्यानं मागायला बाहेरचा ठेकेदार आला. म्हणाला, आधी बारीक मासोळी मारू, मग मोठ्या माशाचं बीज टाकू. पाण्यात कुणी उतरायचं नाही. बदल्यात गावाला गेट आणि फरशी लावलेला चौक. सरपंच म्हणाला, "मावशी, गावाची प्रगती होईल."

"कोन्या घरी राहते ते प्रगती? एक दिवस जेवाले आन तिले."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. गुड्डी त्या आठवड्यात नुकतीच हिरव्या पट्ट्याला टेकली होती.

*

ग्रामसभेच्या दिवशी ठेकेदार पुढच्या खुर्चीवर. सरपंचानं विचारलं, "कोनाची हरकत?" मी पदर खोचून उठायला लागले. तेवढ्यात झुलनमावशी तलावातून तशीच आली, लुगडं ओलं, काखेत टोपली. नेहमीसारखी नजर फिरवून लेकरवाली शोधायला लागली. दाराशी सरपंचाची लेक बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, मांडीवर तान्हं. मावशीनं पहिला पसा तिच्या पदरात टाकला.

मग ठेकेदाराकडं वळली. "बाबू, उद्यापासून हे काम तुह्याकडं. सकाळी लवकर येजो. लेकराची माय वाट पाहून राहते."

सरपंच कितीतरी वेळ वरच्या पंख्याकडं पाहत बसला. लाईन सकाळपासून गेलेली होती.

*

तुमच्या ओळखीत कुणी लेकरवाली असली, पोर वजनात मागं असलं, तर तिला एवढा निरोप द्या: झुलनमावशी अजूनही सकाळी पाळीवर असते. भांडं आणायचं काम नाही, पदर पुरतो.