दुसरी चावी कुठे आहे?

ती बाई आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. काशीमीऱ्याला मी तेव्हा तपास अधिकारी होतो. ती मोरव्याची कोळीण, पन्नाशीची. नवरा गेल्यावर टेम्पो चालवायला शिकली आणि मासळी स्वतः बाजारात पोचवू लागली. हायवेलगत उभा केलेला तोच टेम्पो चोरीला गेला.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला. विम्याच्या दाव्याला काय लागेल ते मी तिला सांगितलं. एफआयआरची प्रत, आरसी, पॉलिसी, गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या. आणि गाडी सापडलीच नाही तर तपासाचा अंतिम अहवाल.

चार दिवसांनी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "टेम्पो बाईनेच विकलाय. चोरी खोटी आहे." असे बनाव मी पाहिले होते. तिला बोलावून घेतलं.

"चाव्या दाखवा."

"एकच हाय, साहेब. दुसरी ब्रेकच्या कामाला गॅरेजवाल्याकडं दिली व्हती. त्यानं परत दिली न्हाय, मी मागितली न्हाय. माझी चूक हाय."

"मावशी, अशाने दावा नामंजूर होऊ शकतो."

"विम्याचा फारम भरणारा बोलला, डुप्लिकेट बनवून जोड. मी न्हाय बोलले. जी न्हाय ती हाय कशी सांगू?"

दोन तास उलटसुलट विचारलं. तिचा एक शब्द हलला नाही. मी गॅरेज गाठलं. मिस्त्री छातीठोकपणे म्हणाला, "चाबी तो उसी दिन दे दी थी." तो निनावी फोन कुठल्या नंबरवरून आला होता ते काढलं, तर नंबर निघाला गॅरेजसमोरच्या चहावाल्याचा. त्याला विचारलं, तर तो सहज बोलून गेला, "मिस्त्री ने फोन मांगा था साहब, बोला बैटरी खतम है."

मग मिस्त्रीला कबूल करायला फार वेळ लागला नाही. त्याच चावीने त्याने टेम्पो नेला होता. संशय बाईवर गेला की पोलीस शोध थांबवतील, हा त्याचा हिशोब. गॅरेजमागच्या गोदामात ताडपत्रीखाली टेम्पो सापडला. नंबर प्लेट तेवढी काढलेली.

बाईला बोलावलं. तिने बॉनेटवर हात ठेवला, डोळे पुसले आणि विचारलं, "साहेब, आता दाव्याचा अर्ज मागं घ्यायला कुठं जायचं?"

मी तिला विमा कंपनीचा पत्ता लिहून दिला. इतकी वर्षं वर्दीत काढली. संशय अंगावर आला की भलेभले खोट्याचा आधार घेतात, हेच पाहिलं होतं. ती मात्र स्वतःचं नुकसान होईल असं खरं बोलली, आणि त्या खऱ्यानेच तपासाला वाट दिली. दाव्यासोबत काय जोडायचं, असं लोक मला आजही विचारतात. मी कागदांची नावं सांगतो आणि बजावतो, जे तुमच्याकडे नाही, ते नाही म्हणून लिहून द्या.