अर्ध्याला जरा कमी

समजा, तुमच्या गळ्यात टेप आहे, समोर कापड पसरलंय आणि कुणीतरी सांगतंय, एक तृतीयांश इंच आणि एक अष्टमांश इंच मिळवून खूण करा. करून बघा. पडल्या ना कपाळाला आठ्या? मग पाऊणताईचं काय झालं असेल!

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिचं निम्मं आयुष्य मशीनवर गेलेलं. शिलाईला किती सोडू, असं कुणीही विचारलं की "पाऊण इंच ठेव" हे तिचं ठरलेलं उत्तर, म्हणून हे नाव पडलं. दुसऱ्यांनी वाकडं कापलेलं सरळ शिवून ती पुरती वैतागली होती. आता कटिंग मास्तराची जागा रिकामी झाली आणि ती तिला हवीच होती. पण साहेबांनी लेखी परीक्षा ठेवली. उद्या. आणि तीही अपूर्णांकांची!

शिकवायला घरातच नणंद होती, शाळेत गणित शिकवणारी.

"बोल वहिनी, उत्तर?"

"अर्धा इंच. जरा कमी."

"जरा म्हणजे किती?"

"अगं, जरा म्हणजे जरा! इंचाची सुतं आठ. तृतीयांश म्हणजे तीन सुतांना जरा कमी, त्यात हे एक सूत. झाली चार. बाकीचं शिलाईत दबतं."

"पेपरात दबत नाही."

पाऊणताईने टेप टेबलावर आपटली. "तृतीयांश कापतं कोण मेलं?"

"परीक्षा घेणारा. आठ सुतांचे तीन सारखे वाटे कर बघू."

तिने टेप दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. "नाही होत."

"मग प्रत्येक सुताचे तीन तुकडे कर. इंचाचे किती झाले?"

"चोवीस. डोळे फुटतील माझे!"

"फुटू देत. त्यातला तृतीयांश?"

"आठ."

"आणि तुझं एक सूत?"

"तीन. म्हणजे अकरा..." ती थबकली. "अकरा चोवीसांश! आणि अर्धा म्हणजे बारा. माझं 'जरा' म्हणजे एक चोवीसांश होय?"

"सुटले बाई!" नणंद म्हणाली आणि लगेच पुढचं गणित घातलं, अर्धा अधिक एक पंचमांश.

चोविसाचे पाच वाटे काही केल्या होईनात.

"आता काय, दर गणिताला नवी टेप?"

"हो. अर्ध्यालाही आणि पंचमांशालाही चालेल अशी. इथे दहा भागांची."

"छळ आहे नुसता!"

दुसऱ्या दिवशी तिने पेपरात प्रत्येक गणिताशेजारी एक लांबलचक इंच आखला, दातओठ खात त्याचे हवे तितके तुकडे केले आणि मोजून उत्तरं लिहिली. साहेबांनी समोरच पेपर तपासला.

"सगळी बरोबर. उद्यापासून कटिंगचं टेबल तुमचं."

पाऊणताई जागची हलली नाही.

"साहेब, एक विचारू? टेप बनवणाऱ्यांनी इंचाचे आठच भाग का केले हो? तीन वाटे होतील असे करायला त्यांचं काय जात होतं?"