सरांवाचून अडणारा प्रोग्राम

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या केमिकल कंपनीत माणसांना पंखा होता आणि कॉम्प्युटरला एसी. सगळ्या आवारात वासाने डोळे चुरचुरायचे, पण कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण त्याला धूळ सोसत नाही. आम्हाला काय सोसतं ते कुणी विचारलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी वाशीला वडिलांकडे राहणारी, कोर्स करून नुकतीच चिकटलेली असिस्टंट प्रोग्रामर. तोंडाने फटकळ तेव्हाही होते.

त्या खोलीत कपाटावर वीतभर जाडीचा कागदांचा गठ्ठा असे. तो आमचा शिफ्टचा प्रोग्राम. दर शनिवारी तो चालवायचा, मग प्रिंटर कडकडत पुढच्या आठवड्याचा चार्ट बाहेर टाकायचा, आणि तो गेटवर लागला की कुणाला सकाळ, कुणाला रात्रपाळी ते कामगारांना कळायचं. चार्ट नाही तर सोमवारी सगळा गोंधळ. म्हणून दसऱ्याला त्या गठ्ठ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पाहुणे आले की मॅनेजरसाहेब त्याच्यावर हात ठेवून सांगत, "आमचा हा प्रोग्राम एका माणसाशिवाय कुण्णाला कळत नाही!" पाहुणे माना डोलावत. कळत नाही म्हणजे काहीतरी थोर असणार, ही आपल्याकडची जुनीच समजूत.

तो एक माणूस म्हणजे आमचे सीनियर. मी त्यांना सर म्हणायची. प्रोग्राम त्यांनी एकहाती लिहिला होता. प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला नाव द्यावं लागतं, आणि सरळ माणूस त्या भागाच्या कामावरून नाव देतो. सरांनी कंपनीच्या बसचे थांबे घातले होते. ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे, नेरूळ. कामगाराची रजा तपासायची तर प्रोग्राम म्हणणार, तुर्भ्याला जा. तुर्भे म्हणणार, ऐरोलीला जा. ऐरोलीला पोचावं तर ती म्हणणार, परत तुर्भे. पहिल्या आठवड्यात मी त्या कागदांवर बोट फिरवत इतकी हिंडले की खुर्चीत बसल्याबसल्या मला बस लागली.

आणि पहिलंच काम कसलं? युनियनने एक साधी गोष्ट मान्य करून घेतली होती, की रात्रपाळी करून सुटलेल्याला त्याच दिवशी सकाळच्या पाळीला लावायचं नाही. मला वाटलं, एका ओळीचं काम. पण सरांनी पाळी ठरवायचा तोच मजकूर प्रत्येक खात्यासाठी पुन्हा उतरवून काढलेला, आणि दर ठिकाणी जरासा निराळा. सगळीकडे बदल केला असं वाटलं, तरी एक जागा राहिलीच. चार्ट लागला आणि कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचा क्लार्क दारात येऊन उभा. हा घणसोलीचा, घरची जमीन कारखान्यांसाठी गेली तिच्या बदल्यात नोकरीला लागलेला.

"मॅडम, रातभर बॉयलरवर उभा ऱ्हायलेला मानूस हाय तो," तो म्हणाला, "सकालला परत त्यालाच? त्याला काय बायकापोरा नाय?"

सर उठले, नेरूळमध्ये दडलेली एक ओळ बदलली आणि परत चहा प्यायला लागले. मी म्हटलं, "सर, हे सगळं एकाच जागी का नाही लिहिलंत?"

"अगं, किल्ली कुठे ठेवतो ते गल्लीला सांगून निजायचं का?" सर म्हणाले. "हा कॉम्प्युटर आला तेव्हा टाइम ऑफिसातली निम्मी टेबलं उठली. चांगली कारकून माणसं माझ्यादेखत गोडाऊनला ड्रम मोजायला गेली. तेव्हाच ठरवलं, आपलं टेबल कुणाला उठवता येणार नाही असंच लिहायचं."

भीती खोटी नव्हती. पण देवाने माणसाचं ऐकलं की खरी पंचाईत होते, तशी सरांची झाली.

कंपनीने कोकणात लोट्याला नवा कारखाना काढला. सरांची बायको चिपळूणला शाळेत शिक्षिका, कायमची नोकरी, ती सोडवत नव्हती. ती आणि पाच वर्षांची मुलगी तिकडे. सर इकडे तुर्भ्याला खोली घेऊन एकटे, हाताने पिठलं-भात शिजवणारे. गणपतीला घरी गेले तर मुलीने फुलपात्रातून पाणी आणलं, समोर ठेवलं आणि आईच्या पदराआड जाऊन म्हणाली, "बसा ना." पाहुण्यांना म्हणतात तसं. हे सांगताना सर हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

लोट्याहून चिपळूण जवळ. नव्या कारखान्याची बातमी आली त्याच आठवड्यात सरांनी बदलीचा अर्ज दिला. साहेबांनी तो तिथल्या तिथे परत केला. "तुम्ही गेलात तर शनिवारी गेटवर काय लावू? माझा फोटो?" सरांनी पुन्हा अर्ज दिला, पुन्हा तेच. मग माणूस नाराज आहे हे साहेबांच्या लक्षात आलं असावं, कारण वर्धापनदिनाला सरांना स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. नोकरीत नारळ मिळाला की माणूस घरी जातो. आमच्या सरांना नारळ मिळाला तो घरी जाता येऊ नये म्हणून! टाळ्या किती पडल्या, विचारू नका.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, हा प्रोग्राम कुणालाही वाचता येईल, बदलता येईल असा करून दिला, तर सरांना सोडाल?"

साहेबांनी चष्मा काढला. "असं होतं का कधी?"

"होतं, साहेब. बाहेर सगळीकडे तसंच असतं."

"मग एक शनिवार ते गेटच्या आत नसताना चार्ट लावून दाखवा. काय बदल करायचा ते मी आयत्या वेळी सांगणार. चार्ट बरोबर आला तर सही करतो."

आता तुम्हाला वाटेल, सर खूश झाले असतील. कसले! ज्या माणसाच्या सुटकेसाठी मी राबत होते, तोच माणूस एकेका ओळीसाठी भांडायला उठला. ॲसिडचा प्लांट केव्हाच बंद पडला होता, पण आमचा प्रोग्राम इमानेइतबारे दर शनिवारी तिथले कामगार शोधत बसायचा. मी तो भाग खोडला तर सर म्हणाले, "राहू दे गं, कधी सुरू झाला तर?"

"सर, तिथे सायकल स्टँड झालाय!"

एके ठिकाणी मोठ्या अक्षरांत शेरा होता, याला हात लावू नये. का लावू नये? सरांनाही आठवेना. शेवटी धीर करून त्याखालच्या ओळी काढल्या, प्रोग्राम चालवला आणि दोघंही प्रिंटरकडे बघत उभे राहिलो. काहीही झालं नाही. त्या ओळी कसलंच काम करत नव्हत्या, आणि इतकी वर्षं लोक त्यांना वचकून होते. मोठमोठ्या हुद्द्यांवरची काही माणसं मला आठवली, पण ते जाऊ दे.

एका जागी काही कामगारांचे नंबर लिहून त्यांना वर्षातून एकदा सुट्टी दिलेली सापडली. सर ओशाळले. "घणसोलीच्या गावदेवीची जत्रा असते. दरवर्षी बिचारे रजेसाठी हात जोडायचे, म्हणून गुपचूप घालून ठेवलं." केलं ते चांगलंच, पण त्यातले निम्मे रिटायर झाले होते, आणि नवीन पोरं जत्रेच्या दिवशी ड्युटीवर. मी ती सुट्टी उजेडात आणून नीट जत्रेच्या नावाने लावली. गावाप्रमाणे आपोआप मिळेल अशी.

सरांना सगळ्यात जास्त लागलं ते नावांचं. तुर्भ्याचं मी 'रजा तपासणी' केलं, नेरूळचं 'रात्रपाळीनंतर सुट्टी'. दुपारी डबा उघडता उघडता सर म्हणाले, "सगळी नावं पुसलीस. आता माझं काय राहिलं यात?"

माझा तोल सुटला. "सर, तुम्हाला चिपळूणला मुलीजवळ जायचंय, की इथे कपाटावर हार घालून घेत बसायचंय? एकदाचं ठरवा बाई!" सीनियर माणसाला बाई म्हटलं हे नंतर लक्षात आलं. सरांनी डबा झाकला आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर सर माझ्याआधी येऊन बसलेले. हातात लाल पेन्सिल. रबाळ्याचा आख्खा भाग त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला होता. आम्ही कामाला लागलो.

परीक्षेच्या शनिवारी साहेबांनी बेरकीपणा केलाच. बॉयलरची दुरुस्ती निघाली आहे, त्या खात्याची सकाळची पाळी आठवडाभर दुपारवर न्या, म्हणाले. आणि वर, "तुम्हीही हात लावायचा नाही." मग कुणी लावायचा? तर डेटा भरणाऱ्या आमच्या एका बाईंनी. त्यांना प्रोग्रामिंग जेमतेम येत होतं. मी भिंतीला टेकून उभी, पदराचं टोक पिळत. बाई मोठ्याने नावं वाचत गेल्या. "रजा तपासणी... हे नको. पाळीच्या वेळा... हां, हेच असणार." एका जागी बदल केला. प्रिंटर कडकडला.

सर गेटसमोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभे होते. आत नसायचं ठरलं होतं, बाहेर उभं राहू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. टाइम ऑफिसच्या क्लार्कने चार्ट लावला, नावानावावर बोट फिरवलं आणि वळून मोठ्याने म्हणाला, "बराबर हाय! बॉयलरवाले दुपारला!" मी सरांकडे बघून दोन्ही हात वर केले. ते चहाचा ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले.

साहेबांनी शब्द पाळला. फोनवर बोलता बोलता ऑर्डर पुढे ओढली, मान वर न करता सही केली, फोनवर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून तिकडेच जा." आणि परत फोन. सर क्षणभर टेबलासमोर थांबले. आणखी काहीतरी ऐकू येईल, असं त्यांना वाटत असावं. मग नमस्कार करून बाहेर आले.

संध्याकाळी निघताना त्यांनी मला विचारलं, "एक सांग. एक तरी जागा राहिलीय का, जिथे माझ्यावाचून अडेल?"

"नाही, सर."

"नीट बघ ना."

"बघितलं. नाही राहिली."

"बरं केलंस," सर म्हणाले. दाराबाहेर चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

त्या दसऱ्याला गठ्ठ्याला हार घातला नाही, कारण गठ्ठाच उरला नव्हता, चार बोटांची फाइल होती. साहेब पाहुण्यांना ती दाखवेनासे झाले. कुणी विचारलंच तर खालच्या आवाजात म्हणत, "साधाच आहे हो, कुणालाही कळतो."

पुढे वर्षभराने सर एका मीटिंगसाठी आले. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढत होते. अंगाने जरा भरले होते. मी विचारलं, "तिकडचा प्रोग्राम कुणी लिहिला?"

"मीच. पण आता कुणीही बदलतं, मला विचारतसुद्धा नाहीत."

"आणि घरी काय म्हणतंय?"

"घरी तर माझ्यावाचून कशाचंच काही अडत नाही गं. सगळं हिने आधीच लावून ठेवलेलं. मी मध्येमध्ये येतो म्हणून ओरडा खातो." सर चपलांकडे बघत थांबले. "पण सकाळी कामाला निघालो की पोरगी माझी एक चप्पल लपवून ठेवते."

"रोज?"

"रोज," सर म्हणाले. "बस चुकते माझी."