काय करत नाही, ते लिही

रेहानाच्या नवऱ्याचा, सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी चाकणला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी होते. "ताई, रेहाना गेली," एवढंच म्हणाले. मी रांगेतून बाहेरही पडले नाही. माझा नंबर आला, मी बशी घेतली आणि मग ती घेऊन कुठं जायचं तेच कळेना... काही आठवडे झाले, अजूनही नीटसं कळत नाही.

रेहाना आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. आमची कंपनी कारखान्यांच्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर बनवते. आता त्यात एआय एजंट आलाय. माणूस साध्या भाषेत काम सांगतो आणि कुठलं टूल चालवायचं ते एजंट ठरवतो. साठा दाखवणारं एक, गाडी थांबवणारं एक, अशी छोटी छोटी टूल्स. एजंटला त्यांचं वर्णन तेवढं दिसतं आणि ते लिहिणं हे आमचं काम. मी चार ओळी खरडून मोकळी व्हायचे. ही बया मात्र एका वाक्यावर अख्खी सकाळ घालवायची आणि मग मला वेठीला धरायची. "तू आज नवीन आहेस. तुला यातलं काहीच माहीत नाही. वाच आणि सांग, काय करशील?" मी मुद्दाम वेड पांघरून काहीतरी भलतंच सांगायचे आणि ती खरंच चिडायची.

एकदा दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या वर्णनानं घोटाळा केला. 'पुरवठा थांबवतं' एवढंच त्यात लिहिलं होतं. स्टोअरवाल्यानं खराब मालाची एक गाडी थांबवायला सांगितली आणि एजंटनं त्या पुरवठादाराच्या सगळ्याच गाड्या अडवल्या. भर उन्हात गेटबाहेर ही रांग! सगळे एजंटच्या नावानं खडे फोडत होते. रेहाना म्हणाली, "त्याचं काय चुकलं? काय करतं ते सगळेच लिहितात गं. काय करत नाही, ते लिही." आणि तिनं खाली जोडलं, 'एकच गाडी थांबवायची असेल तर हे वापरू नये.'

मग तिचं आजारपण आलं. पोटातला कॅन्सर पसरत गेला आणि शेवटी औषध बदललं. डॉक्टर, नणंद, सलीमभाई, सगळे एका सुरात सांगायचे, यानं बरं वाटेल. त्यांच्या आकुर्डीच्या बिल्डिंगमध्ये सलीमभाईंनी मला जिन्यातच गाठून खरं काय ते सांगितलं. "ताई, तिला काही सांगू नका हां. खचून जाईल ती." मी मान डोलावली. वर गेले तर ती उशीला टेकून माझीच वाट बघत होती.

"वैशू, हे औषध काय करत नाही?"

या बाईसमोर खोटं बोलायचं कसं? मी म्हणाले, "दुखणं कमी करतं. आजार थांबवत नाही." तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग विचारलं, "सलीमला माहितीय?" मी हो म्हणाले. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मला कळलंय म्हणून त्याला सांगू नकोस. खचून जाईल तो."

परवा त्यांच्याकडे गेले होते. सलीमभाईंनी स्वतः चहा केला. कप माझ्या हातात देत म्हणाले, "ताई, खरं सांगा. तिला कळलं होतं?" आता लपवून कुणाला वाचवायचं होतं? मी सांगितलं. ते खाली बसले. "मग पुढच्या ईदचे कपडे काय म्हणून ठरवत होती माझ्याबरोबर? मला वाटायचं, मीच तिच्यासाठी हसतोय..." एका खोलीत, एका पलंगावर दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिले. गळ्यात पडून एकदा रडायचंही त्यांच्या नशिबी आलं नाही. मला याचा भयंकर राग येतो आणि तो कुणावर काढायचा तेही समजत नाही.

ऑफिसात तिची ती ओळ अजून तशीच आहे. कुणी एक गाडी थांबवायला सांगितली की एजंट ती वाचतो आणि दुसरं टूल निवडतो. ती कुणी लिहिली हे त्याला माहीत नाही. माहीत असण्याचं कारणही नाही. मी मात्र नवीन वर्णन लिहून झालं की सवयीनं स्क्रीन पलीकडं वळवते. समोर रिकामी खुर्ची असते. वाच आणि सांग, काय करशील?... काही माहीत नाही गं, रेहाना. आता वेड पांघरावं लागत नाही.